कागद सगळ्यांचाच हलला

कराडमध्ये एक पेंटर राहत असत. चित्रं काढणारे नव्हेत, पाट्या रंगवणारे. गावात फ्लेक्स यायच्या आधी किराणा दुकान असो, सलून असो की दवाखाना, पाटी म्हटली की यांनाच बोलावणं जायचं. त्यांच्याकडे एक काठी होती, टोकाला चिंध्यांचा बोळा बांधलेली. बोळा पाटीवर टेकवायचा, काठीवर उजवं मनगट ठेवायचं आणि मग ब्रश चालवायचा. त्यांच्यासारखा ‘श्री’ आसपासच्या गावांत कुणाला जमत नसे.

चाळिशीच्या आसपास त्यांचा हात थरथरू लागला. मनगट काठीवर टेकलेलं असेपर्यंत निभावलं, पुढे काठीही थरथरू लागली. गावाला कारण शोधायला फार वेळ लागला नाही. पेंटर घ्यायला लागला, असं ठरलं. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाआड पंढरीची वारी, पण बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? ‘माळ दिसते, बाटली दिसत नाही,’ असं पारावर बोललं जायचं. पेंटरांनी कुणाला उत्तर दिलं नाही. ब्रश रॉकेलमध्ये धुऊन डब्यात ठेवले आणि एका रंगाच्या दुकानात काउंटरवर बसू लागले. लग्नाच्या पंगतीला जाणं त्यांनी सोडलं. कुणाच्या घरी गेले आणि बशीत कप ठेवलेला चहा पुढे आला, तर ‘आत्ताच घेतला’ म्हणायचे.

गोष्ट त्यांची नाही, त्यांच्या नातीची आहे. पण त्यांच्यापासून, म्हणजे तिच्या आबांपासून, सुरुवात केल्याशिवाय ती नीट सांगता येत नाही.

नात तन्वी, सातवीत. खो-खोत चपळ, गणितात बरी, अक्षर मात्र वाईट. प्रत्येक वहीवर लाल शाईत शेरा असायचा, ‘अक्षर सुधारावे’. आई रोज संध्याकाळी एक पान शुद्धलेखन लिहून घ्यायची. अक्षर चांगलं यावं म्हणून तन्वी पेन घट्ट धरायची आणि जितकं घट्ट धरावं तितकी रेघ जास्त हलायची. मांडीवर ठेवलेला तिचा हात अगदी शांत असतो आणि पेन, चमचा, तांब्या काहीही उचललं की थरथर सुरू होते, हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मुलगी घाई करते, धांदरट आहे, एवढंच सगळे म्हणत.

डिसेंबरात शाळेचे खेळ झाले. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत मैत्रिणींनी तिला ओढून उभं केलं. चमचा दातांत धरायची परवानगी नव्हती, हातात धरायचा होता. शिट्टी वाजायच्या आधीच तिच्या चमच्यात लिंबू कडेकडेनं फिरायला लागलं आणि दुसऱ्या पावलाला खाली पडलं. तिनं उचललं, ठेवलं, पुन्हा पडलं. मैदान हसलं. लहान मुलं हसतात त्यात दुष्टपणा असतोच असं नाही, लिंबू पडण्याला कुणीही हसेल. पण ‘व्हायब्रेट मोड’ हे नाव त्या दिवशी पडलं आणि चिकटलं. वर्गातल्या ओंकारनं त्यावर कडी केली. ‘आमचे आजोबा म्हणतात, हिचा आज्जा घ्यायचा. आता नात पण घेते वाटतं.’

सातवीतल्या मुलाला हे आपणहून सुचत नाही. मोठ्यांच्या गप्पांत पडून राहिलेलं मुलं उचलतात आणि शाळेत आणून टाकतात.

तन्वीचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी साडेदहाला दुखायचं आणि शाळेची वेळ टळली की थांबायचं. चौथ्या दिवशी आईनं पोटाचा नाद सोडून तिला जवळ घेतलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. पुढच्या आठवड्यात आईबाबा तिला घेऊन पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर मॅडमकडे गेले.

मॅडमनी यंत्रं लावली नाहीत. ‘हात मांडीवर ठेव,’ म्हणाल्या. हात स्थिर. ‘आता दोन्ही हात समोर सरळ धर.’ थरथर सुरू. ‘बोट नाकाला लाव, मग माझ्या बोटाला लाव.’ बोट जवळ येता येता जास्त हलू लागलं. मग कोरा कागद पुढे केला. ‘मनगट न टेकवता एक चकली काढ.’ तन्वीनं आतून बाहेर गोल गोल रेघ काढली आणि खऱ्या चकलीला असतात तसे काटे तिच्या रेघेला आपसूक आले. दम्याचा पंप घेते का, फिट्सचं औषध चालू आहे का, असं विचारून झालं, कारण काही औषधांनीही हात थरथरतो. थायरॉईडसाठी रक्त तपासलं. शरीरात तांबं साठवणारा विल्सन नावाचा आजार मुलांमध्ये असाच कंप आणू शकतो, म्हणून तीही तपासणी झाली. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, ‘घरात आणखी कुणाचा हात थरथरतो?’

‘माझ्या वडलांचा,’ बाबा म्हणाले.

आई बाबांकडे बघत म्हणाली, ‘आणि तुमचा?’

बाबा चहा नेहमी स्टीलच्या पेल्यातून घेतात, तोही दोन्ही हातांनी. थंडीमुळे अशी सवय लागली, असं ते स्वतःलाही सांगत आले होते.

मॅडमनी नाव सांगितलं, एसेन्शियल ट्रेमर. हात काम करत असताना किंवा काही धरून ठेवलेलं असताना येणारा कंप. पार्किन्सनमध्ये बहुधा उलटं असतं, विसावलेला हात थरथरतो, हालचाली मंदावतात. या कंपाचं मूळ लहान मेंदू आणि त्याला जोडलेल्या भागांच्या आपसातल्या संदेशांत आहे. बुद्धीशी त्याचा संबंध नाही आणि त्यानं जिवाला धोका नाही. तो बहुधा उतारवयात दिसतो, पण मुलांनाही होतो. अनेक घरांत तो पिढ्यान् पिढ्या चालत येतो आणि अशा घरात आई किंवा वडलांना असेल तर मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. सगळ्या वयांची माणसं धरली तर शंभरांत साधारण एकाला तो असतो. म्हणजे कराडसारख्या गावात तो एकट्या पेंटरांना नव्हता. बाकीचेही आपापले पेले दोन्ही हातांनी धरून बसले असणार.

औषधांचंही बोलणं झालं. प्रोप्रॅनोलॉल हे मुळात रक्तदाबाचं आणि हृदयाचं औषध आहे, प्रिमिडोन हे फिट्सचं. दोन्हींनी पुष्कळ जणांचा कंप कमी होतो, पण मुळापासून जात कुणाचाच नाही. तन्वीची रोजची कामं अडत नव्हती, त्यामुळे मॅडमनी तूर्त औषध दिलं नाही. झोप पुरेशी हवी, उपाशी राहू नये, चहा-कॉफी नको. ‘आणि भीती वाटली की वाढणार,’ त्या म्हणाल्या. ‘ते तुझ्या हातात फारसं नाही, आजूबाजूच्यांच्या हातात आहे.’

बाबांनी धीर करून आबांवरचा आळ सांगितला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘दारूनं हा कंप पुष्कळ मोठ्या माणसांमध्ये तासभर कमी होतो. उतरली की पुन्हा येतो, कधी जास्तच येतो. त्या आशेनं प्यायला लागून काही जण व्यसनात अडकतात.’ म्हणजे गावाचा तर्क बरोबर उलटा होता. पेंटर खरंच घेत असते, तर घेतल्यावर त्यांच्या पाट्या सरळ आल्या असत्या.

निघताना मॅडमनी एक गोष्ट दाखवली. तन्वीचा हात समोर धरायला लावून पालथ्या पंजावर त्यांनी कोरा कागद ठेवला. कागदाची पुढची कड फडफडू लागली. हात बघून जे नीट कळत नाही ते कागद मोठं करून दाखवतो.

‘तुमच्या हातावर ठेवून बघू?’ तन्वीनं विचारलं.

आई दचकली, पण मॅडमनी हात पुढे केला. कड हलत होती. अगदी बारीक, पण हलत होती.

‘सगळ्यांचीच हलते,’ मॅडम म्हणाल्या. ‘जिवंत माणसाचा हात सेकंदाला आठ-दहा वेळा असा बारीक हलतच असतो. डोळ्यांना दिसत नाही म्हणून आपण स्वतःला स्थिर समजतो. तुझा कंप वेगळा आहे, तो मेंदूतून येतो आणि मोठा आहे. पण न हलणारा हात कुणाकडेच नाही.’

घरी आल्यावर बाबांनी आबांना सगळं सांगितलं. आबा बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मग तन्वीला म्हणाले, ‘मी काही सांगितलं नाही, म्हणून लोकांनी सांगितलं. तू तुझं तू सांग.’

इथे थोडं थांबावंसं वाटतं. आबांना तरी काय ठाऊक होतं, की त्यांनी सांगावं? आणि बारा वर्षांच्या मुलीनं चाळीस पोरांपुढे उभं राहून आपल्या आजाराचा खुलासा द्यावा तेव्हा कुठे तिला नीट वागवलं जावं, हा हिशेब मला पटत नाही. ते काम शाळेतल्या मोठ्यांचं होतं. पण मोठ्यांना अजून शेरा मारण्यापलीकडे काही सुचलेलं नव्हतं, आणि तन्वीला वाट बघत बसायचं नव्हतं.

विज्ञानाच्या सरांनी शनिवारी सकाळच्या शाळेत तिला अर्धा तास दिला. भाषण तिनं केलं नाही. वहीची पानं वाटली आणि म्हणाली, ‘हात समोर सरळ करा. पंजा पालथा. कागद वर ठेवा. कागदाच्या कडेकडे बघा.’

वर्गात आधी खिदळणं झालं, मग हळूहळू आवाज कमी झाला. प्रत्येक जण आपापल्या कागदाकडे बघत होता आणि प्रत्येकाची कड हलत होती. सरांचीही हलत होती. ‘पंखा बंद करा रे,’ कुणीतरी म्हणालं. पंखा बंदच होता. ‘माझा हलत नाही,’ मागून ओंकार म्हणाला. तन्वीनं त्याला एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली दिली, हात लांब करून दोन मिनिटं धरायला सांगितली आणि बाटली खाली ठेवल्या ठेवल्या फळ्यावर नाव लिहायला सांगितलं. खडूनं लिहिलेल्या ‘ओंकार’चा काना नागमोडी आला आणि अनुस्वार भलतीकडेच पडला. वर्ग हसला. तन्वी हसली नाही.

‘याचा हात पाच मिनिटांत पहिल्यासारखा होईल,’ ती म्हणाली. ‘माझा होणार नाही. माझा रोजच असा असतो, आणि मी घाबरले की वाढतो. तुम्ही हसलात की मी घाबरते. हा लागट रोग नाही, माझ्या पेनानं लिहिलंत तर तुम्हाला काही होणार नाही. पाणी द्याल तर पेला अर्धाच भरा. मी बोलत असताना हाताकडे बघू नका, तोंडाकडे बघा.’ मग थोडं थांबून तिनं आणखी एक सांगितलं, जे तिनं वहीत लिहून आणलेलं नव्हतं. ‘आणि माझे आबा पीत नाहीत. कधीच प्यायले नाहीत. त्यांना हेच आहे.’

सर म्हणाले, ‘प्रश्न विचारा.’ पोरांनी पुष्कळ विचारले. झोपेत हलतो का? नाही, झोपेत थांबतो. दुखतं का? नाही, पण लिहून लिहून हात दमतो. ऑपरेशन असतं का? मोठ्यांसाठी, फार वाढलं तर असतं, मेंदूत बारीक तार बसवतात. मोबाइलवर टाइप करता येतं का? येतं, पण चुका होतात. त्यावर एक मुलगी म्हणाली, ‘माझ्या पण होतात,’ आणि वर्ग मोकळा झाला.

बोधकथा इथे संपायला हवी होती. पण खरी पंचाईत यानंतर सुरू झाली.

सोमवारपासून वर्ग मदतीला धावला. तन्वीनं दप्तर उचललं की दोघी ते ओढून घ्यायच्या. डब्यातली भाजी तिला कुणी वाढू देईना. प्रयोगशाळेत चंचुपात्राला हात लावला की ‘तू राहू दे गं’. प्रजासत्ताक दिनाच्या रांगोळीतून तिचं नाव न विचारता गेलं, ‘तिला त्रास नको’ म्हणून. खेळाच्या सरांनी तर लिंबू-चमच्याची शर्यतच पुढच्या वर्षीपासून बंद करून टाकली. ज्यांनी त्या शर्यतीची तयारी चालवली होती ती मुलं तिच्याकडे रागानं बघू लागली. आधी हसून बाजूला काढली होती, आता कळवळून काढली. बाजूला ती दोन्ही वेळा पडलीच. मला विचाराल तर दुसरं जास्त वाईट, कारण हसणाऱ्याला गप्प कर म्हणता येतं, कळवळ्याला काय म्हणणार?

तन्वी आबांकडे गेली. आबांनी माळ्यावरून ती जुनी काठी काढली. चिंध्यांचा बोळा कधीच झडून गेला होता.

‘ही काठी मी कुणाला धरायला द्यायचो का?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘मग? मनगट मी टेकवायचो. काठीनं माझ्यासाठी पाटी रंगवली नाही.’

पुढच्या शनिवारी तन्वी पुन्हा वर्गापुढे उभी राहिली. यावेळी तिनं परवानगी मागितली नाही. ‘मदत मी मागेन तेव्हा करा,’ एवढंच म्हणाली. मग खेळाच्या सरांकडे जाऊन सांगितलं, ‘सर, लिंबू-चमचा बंद करू नका. मी त्यात भाग घेणार नाही. मला खो-खोत घ्या.’ सरांना हे सुचलंच नव्हतं. तिचे हात बघता बघता तिचे पाय बघायचे राहून गेले होते. रांगोळीत ती गेली आणि ठिपके टाकायचं काम न घेता रंग भरायचं काम घेतलं, कारण तळवा जमिनीला टेकवून रंग भरता येतो. भूमितीत तिनं स्वतःच एक युक्ती काढली. कंपास एका जागी धरून ठेवायचा आणि खालचा कागद फिरवायचा. वर्तुळ पूर्ण येतं. आता अर्धा वर्ग तसंच काढतो, कारण ते सोपं आहे.

आईला दहावीची काळजी लागून राहिली होती. मुख्याध्यापक बाईंनी तिला बसवून समजावलं, की डॉक्टरांचं प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवा, जादा वेळेसाठी किंवा लेखनिकासाठी अर्ज करता येतो, शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली स्पष्ट सांगितलं आहे, की अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे एवढ्यावरून लेखनिक नाकारता येत नाही. बाईंनी तो निकाल स्वतः शोधून वाचला होता. त्याआधी दोन वर्षं तन्वीच्या वहीवरचा शेराही बाईंचाच होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात.

ओंकारनं घरी जाऊन आजोबांना कागदाचा प्रयोग दाखवला. आजोबांचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे, आणि त्यांनीच एके काळी पेंटरांकडून काम काढून दुसऱ्याला दिलं होतं. त्यांच्या हातावरचा कागद नातवाच्या कागदापेक्षा बराच जास्त हलला. ‘अस्सं होय,’ एवढंच ते म्हणाले. ते माफी मागायला पेंटरांकडे आले, असं सांगायला आवडलं असतं, पण ते आले नाहीत. गावानं तीस वर्षं बोललेलं एका कागदानं पुसलं जात नाही. फक्त पेंटर रस्त्यात दिसले की ओंकार आता त्यांना ‘आबा’ म्हणून हाक मारतो.

आबांनीही पुण्याला जाऊन मॅडमना दाखवलं. निदान तेच निघालं, आणि त्यांना औषध सुरू केलं. थोडा फरक आहे. भाच्याच्या लग्नात ते पंगतीला बसले. वाढप्यानं आमटीची वाटी काठोकाठ भरायला घेतली तेव्हा ‘अर्धीच, हात थरथरतो माझा’ असं मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या पानावरच्या म्हाताऱ्यानं आपलीही वाटी पुढे केली, ‘मलाही अर्धीच.’

तन्वी आता आठवीत आहे. हात थरथरतो, तो थांबेल असं डॉक्टरांनी कधी म्हटलंच नव्हतं. जाड, जडसर पेन वापरते, मनगट बाकावर टेकवून लिहिते, घटक चाचणीत तिला थोडा जादा वेळ मिळतो. वहीवर ‘अक्षर सुधारावे’ आता कुणी लिहीत नाही.

वाचणाऱ्यांत कुणी बाई किंवा गुरुजी असतील तर त्यांना एवढंच सांगायचं आहे. एखाद्या मुलाचं अक्षर वाकडं दिसलं, तर लाल पेन उचलण्याआधी ते लिहीत असताना त्याच्या बाकाशेजारी उभे राहा आणि त्याचा हात बघा. हात थरथरत असेल तर शुद्धलेखनाची पानं वाढवू नका, आईवडलांना बोलावून त्याला डॉक्टरांकडे पाठवा.